आतल्या खोलीची फवारणी

आबा, हवालदारांच्या घराबद्दल मी तुमच्याशी कधी बोलले नाही. तुम्ही होतात तोवर तो विषय आपल्याकडे निघायचाच नाही, आणि तुम्ही गेलात त्यालाही आता फार वर्षं झाली.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. आष्ट्याच्या आसपास हिवतापानं पुन्हा डोकं वर काढलं होतं आणि तुम्ही फवारणीच्या कामाला लागला होता. खाकी कपडे, खांद्यावर नळी, पंप हाणायला एक जोडीदार. डीडीटीची पूड बादलीत कालवायची आणि गावोगावच्या घरांच्या भिंती फवारायच्या. आई तुमचे कपडे वेगळे धुवायची, तरी वास जायचा नाही. धम्मदीक्षा घेतलेल्या घरातला माणूस सरकारी कपड्यांत हिंडतो, याचं आपल्या वस्तीला केवढं कौतुक होतं! वरच्या आळीत मात्र त्या कपड्यांनाही उंबऱ्यापर्यंतच मान होता.

त्या दिवशी शाळा सुटली आहे आणि मी आळीच्या तोंडाशी उभी आहे. पलटणीतून पेन्शनीत आलेले हवालदार आपल्या दारात उभे आहेत, तुम्ही उंबऱ्याखाली. ते म्हणतात, "पडवी मार, गोठा मार. सैपाकघर आन् आतली खोली ऱ्हाऊ दे. तुला सांगाय लागतंय व्हय रं?"

"आवं दादा, डास आतल्या भिताडावर बी बसत्यात. तेवढंच ऱ्हायलं तर काय उपेग?"

तेवढ्यात आतून त्यांची सून बोलते. पोटुशी होती ती, नवरा लष्करात, लांब सरहद्दीवर. "मामंजी, आत बी मारू द्या की. लय चावत्यात." हवालदार मागं वळूनही न बघता म्हणतात, "तू आत जा." मग तुम्ही पडवी मारता, गोठा मारता आणि पंप उचलून पुढच्या घराकडे निघता. पलटणीत कुणाकुणाच्या मांडीला मांडी लावून जेवलेला माणूस होता तो.

पाऊस सरता सरता त्या सुनेला थंडी वाजून ताप आला. सांगलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध हरपली होती. पोटातल्या बाळासकट गेली. नवरा तार मिळून पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं. बातमी आपल्याकडे आली, तेव्हा तुम्ही जेवायला बसला होता. मी विचारलं, "आबा, तुमी आत का गेला न्हाई?" तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हता. ताट सरकवून म्हणालात, "कुणाच्या बळावर जाऊ गं? सांग की! कुणाच्या बळावर?" आईनं मला दंडाला धरून बाहेर नेलं. त्या सुनेला चावलेला डास आतल्या खोलीतलाच होता असं कोण सांगणार? शेतातलाही असेल. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं कळत होतं, पण तुमची झोप गेली ती गेलीच.

पुढच्या फेरीला हवालदारांनी दार सताड उघडलं. "समदीकडं मारा," म्हणाले. तुम्ही स्वयंपाकघर फवारलंत, मग आतली खोली. तिथं खुंटीला सुनेचं लुगडं तसंच अडकवलेलं होतं. तुम्ही त्याला हात लावला नाहीत, नुसते थांबून राहिलात. शेवटी हवालदारांनीच ते काढलं, उराशी धरलं आणि अंगणात जाऊन उभे राहिले. काम झाल्यावर त्यांनी स्वतः घरातल्या कपबशीत चहा आणून दिला. तुम्ही तो प्यायलात.

संध्याकाळी हे तुम्हीच आईला सांगत होतात. ऐकता ऐकता तिचा भाकरी थापणारा हात थांबला. "पोरीचा जीव गेला तवा कप मिळाला व्हय? आन् तुमी पिलासा?"

"म्हातारा रडत हुता गं," एवढंच म्हणालात तुम्ही.

त्यानंतर कितीतरी दिवस ती तुमच्याशी बोलली नाही. मीही तिच्याच बाजूची होते. शिकले, नोकरीला लागले, सभांना जाऊ लागले, तसा त्या चहाचा राग वाढतच गेला. आई शेवटपर्यंत तेच म्हणायची आणि मी मान डोलवायची. तिचं काही चुकत नव्हतं. पण आबा, त्या म्हाताऱ्यानं रडत रडत माझ्यापुढं कप धरला असता, तर मलाही तो परत करता आला नसता. आईला हे सांगायचं धाडस झालं नाही, आणि तुम्हाला हे पत्र आता पाठवायचं तरी कुठं?