कापराचा रुमाल

गिरगाव. नाताळ, १८९६.

किळस आली. उपासनेहून आलो तो ताट तसेच बाजूला सारले. देवाचे आभार मानायच्या, उपकारस्तुतीच्या वेळी आमच्या मंडळीतले याकोबराव उठले. प्लेगच्या भीतीने नाकाशी कापराचा रुमाल धरूनच म्हणाले, "प्रभो, गाठीचा ताप शेजारच्या चाळीपर्यंत आला, पण आमच्या उंबऱ्याशी थांबलास तू त्याला. तुझे उपकार!"

त्याच चाळीतली राहेलबाई पुढच्या बाकावर बसली होती. गेल्याच आठवड्यात त्या तापाने तिचा नवरा गेला. तरी सगळ्यांनी 'आमेन' म्हटले! कशाला आमेन?

बाहेर तिने हात पुढे केला, तर याकोबराव मागे सरले. पुन्हा तोच रुमाल नाकाशी. शी! मी तिचा हात हातात घेतला.

"मास्तर, आज आभार मानवेनात. प्रभू रागावेल का हो?"

"रागावला असेल बाई, पण आमच्यावर."