जखमी स्ट्रायकरचा गोल

आदरणीय साडूभाऊंना,

धाकट्या साडूचा नमस्कार. (जरा जोर लावून केलाय, पण केलाय.) तब्येत विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो, एरवी तुमचा गुडघा दुखतोय, गोड बंद आहे आणि परवा दुकानात औषधांची खोकी उचलताना पाठीत चमक भरली, हे सगळं मला ठाऊक आहे. आपलं बोलणं सत्तावीस दिवस बंद असलं तरी दोघी बहिणींचं एक दिवसही बंद नाही. आमच्याकडे सगळे मजेत, मी सोडून. माझं कशातच लक्ष लागत नाही. हे पत्रसुद्धा लिफ्टच्या मशीनरूममध्ये उभ्या उभ्या लिहितोय, कारण बसलो की पाय हलायला लागतात.

तर मुद्दा असा. गेल्या शनिवारी आपल्या सासरच्या आठ जणांच्या ऑनलाइन फुटबॉल लीगमध्ये माझी टीम तुमच्या टीमशी खेळली. तुम्हाला पत्ता नसणार, कारण बोलणं बंद झाल्यापासून तुम्ही तो गेम उघडलेलाच नाही. टीम बिचारी बिनमालकाची, तरी पहिल्या नंबरावर! आता या गेममध्ये आपण फक्त टीम लावून द्यायची, बाकीचं कंपनीचा कॉम्प्युटर बघतो. मी आठवडाभर लावत होतो. (जेवताना ताटात वाटाणे मांडून. बायकोने बोलता बोलता माझे दोन डिफेंडर खाल्ले.) आम्ही तेवीस वेळा तुमच्या गोलवर मारा केला. तेवीस! त्यातले चार खांबाला. तुमचा स्ट्रायकर तर जखमी, नावापुढे ही एवढी लाल खूण. त्याला बाहेर बसवायला हवं होतं, पण बसवणार कोण? एकोणनव्वदाव्या मिनिटाला तोच लंगडत आला आणि गोल करून गेला. एक-शून्य. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

कंपनीकडे तक्रार केली. (बारावी.) उत्तर आलं की निकालात थोडा भाग नशिबाचा असतो, कॉम्प्युटर मनाला येईल तो आकडा काढतो, त्याला कुणी आपलं नाही की परकं नाही, पुढच्या सामन्याला शुभेच्छा. अहो, मी वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. लिफ्ट अडकते तेव्हा रिले जळालेला असतो, नाहीतर दाराच्या खाचेत कुणाची तरी चप्पल. आत अडकलेल्या माणसांना मी आज तुमच्या नशिबात नव्हतं असं सांगितलं तर ते मला सोलून काढतील. म्हटलं, खरं नशीब असतं तरी कसं ते बघू. स्वयंपाकघरात नाणं दोनशे वेळा उडवलं. छापा एकशे तीन, काटा सत्त्याण्णव, इथवर ठीक. पण मध्येच सलग आठ काटे! बायको म्हणाली, कंपनीने नाण्यालाही फितवलंय का, विचारा एकदा. मी नाणं खिशात टाकलं. सलग आठ येतात, साडूभाऊ. कुणाचा हात नसताना येतात.

मग मला ते आठवलं. (खोटं कशाला बोलू, विसरलोच नव्हतो.) आपलं बोलणं बंद झालं त्या दिवशी तुम्ही मला तीन-शून्य हरवलंत आणि मी ग्रुपवर, सासऱ्यांसकट सगळ्यांसमोर, लिहिलं की कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, साडूभाऊंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. साधा अंगठासुद्धा नाही. मी हरलो की नशीब, तुम्ही जिंकलात तरी नशीब, आणि मी जिंकलो की मात्र माझं डोकं! हा कुठला न्याय, ते आता माझं मलाच सांगता येईना. खरं सांगू? पूर्वी तुमच्याकडून हरलो की चिडून फोन करायचो, तासभर भांडायचो, मग जेवण जायचं. शनिवारी हरलो तेव्हा भांडायला कुणी नव्हतं. फार वाईट वाटलं.

असो. ताईंना नमस्कार सांगा, पाठ शेकत राहा.

तुमचा,
धाकटा साडू (सध्या दोन नंबरवर)

ता. क. तीस दिवस उघडली नाही तर कंपनी टीम पुसून टाकते, सगळे गुण रद्द. तुमचे तीस दिवस रविवारी भरतात. मग पहिला नंबर माझा. हे मला नऊ दिवसांपासून माहीत आहे आणि मी मूग गिळून बसलो होतो. आताही फोन न करता पत्र पोस्टानेच टाकतोय. शनिवारी पोचलं तर तुमचं नशीब, सोमवारी पोचलं तर माझं. याहून निःपक्षपाती काय असणार?

ता. क. २. पेटीपर्यंत दोनदा जाऊन आलो, पत्र काही हातातून सुटेना. आता तुमच्या दुकानात रांगेत उभा आहे, पुढे तिघं आहेत. नंबर आला की औषधाची चिठ्ठी म्हणून हेच पुढे करणार. मागच्या बाईंना घाई आहे, तेव्हा वरचं सगळं सावकाश वाचा, आधी एवढंच वाचा: चुकलं माझं. मी समोरच उभा आहे. काहीतरी बोला. शिवी दिलीत तरी चालेल.