सोनबांचे अर्धे वाक्य

कात्रज, पुणे
ऑगस्ट २००८

आदरणीय धोंडिबादादा,

सप्रेम जय भीम. लोणी काळभोरात आपण, वहिनी आणि आपला गुडघा (त्याला मी घरचाच मानतो, कारण प्रत्येक फोनवर पहिली खुशाली त्याचीच असते) सुखरूप असाल, अशी आशा आहे. आम्हीही ठीक आहोत. म्हणजे वेळेवर जेवतो, आणि घरात कुणी माझ्याशी धड बोलत नसल्यामुळे शांतताही भरपूर आहे. खरे तर फोनच करणार होतो, पण मी आपल्याला वाक्य पुरे करू देत नाही अशी आपली जुनी तक्रार आहे. पत्रात मी बोलतो आणि आपण ऐकता. ही व्यवस्था मला जास्त सोयीची वाटते.

आमच्या खालच्या मजल्यावरची निकिता आपल्याला आठवत असेल. सगळी पोरे हिंजवडीला जाऊन संगणकासमोर बसतात; ही मात्र माणसाच्या मेंदूला भाषा कशी कळते, यावर संशोधन करते. (पुण्यातल्या माणसांना एकमेकांची भाषा कळते, हे गृहीत धरून कुणीतरी तिला शिष्यवृत्तीही दिली आहे.) तिला प्रयोगासाठी डोकी हवी होती. माझे रिकामेच आहे, असे पूर्वाच्या आईने परस्पर कळवून टाकले. झाले, मला तारा लावलेली रबरी टोपी घालून पडद्यासमोर बसवले. पडद्यावर एकेक शब्द येत होता. 'पाहुण्यांसाठी तिने चहात दोन चमचे' इथवर सगळे रीतसर, आणि मग एकदम 'सिमेंट'. असा भलता शब्द आला की मेंदू दचकतो आणि यंत्रावरची रेघ उडते. (माझी म्हणे जरा बेताचीच उडाली. कात्रजला चारी बाजूंनी इमारती उठत असताना चहात सिमेंट सापडणे, यात नवल ते काय?) निकिताने समजावून सांगितले, की मेंदू वाक्य संपायची वाट बघत बसत नाही, ऐकता ऐकताच पुढे काय येणार याचा अंदाज बांधत धावतो, आणि काका, तुमचा तर फारच पुढे धावतो. त्यानंतरही ती बरेच काही सांगत होती. पण ते काय असणार हे माझ्या लक्षात आले होते, म्हणून मी टोपी काढून घरी आलो.

दादा, ज्याला लोक आजवर आगाऊपणा म्हणत आले, त्याला शास्त्राचा आधार मिळाल्यावर कोणता माणूस गप्प बसेल? कचेरीत असताना अर्जाची पहिली ओळ वाचून मी शेवटची सांगत असे. आता घरी, दुकानात, सोसायटीच्या सभेत, जो तोंड उघडेल त्याचे वाक्य मी पुरे करून देऊ लागलो. विनामूल्य. डॉक्टर 'आता तुम्ही गोड' एवढेच म्हणाले, आणि 'बंद करतो' म्हणून मी उठलो. महिनाभर बिनसाखरेचा चहा प्यायलो आणि घरादाराला संयमावर व्याख्याने दिली. पुढच्या खेपेला कळले, की थोडे गोड खायला हरकत नाही, असे ते सांगणार होते. यावरून मी काय शिकलो? डॉक्टरांनी जरा लवकर बोलायला शिकावे, एवढेच.

आता आपण सुचवलेल्या स्थळाविषयी. पूर्वा आणि अभय आधी दोनदा भेटले होते. ती तोंडाने काही म्हणाली नव्हती, पण हिंजवडीच्या बसमधून दमून उतरणारी मुलगी हल्ली गुणगुणत जिना चढायची. यातून काय समजायचे ते मी समजलो. ठरल्याप्रमाणे अभयचे आईवडील त्याला घेऊन आमच्याकडे आले. त्याचे वडील, आपल्या लोणीचे सोनबा ओव्हाळ, एसटीत चालक होते, हे सांगायची आपल्याला गरजच नव्हती. वाक्यसुद्धा ते प्रत्येक थांब्यावर उभे करतात, उतारू उतरू देतात, मग पुढे नेतात. "पोरगी शिकलेली हाय," म्हणाले आणि थांबले. शिऱ्याचा एक चमचा घेतला. "नोकरीला हाय." पुन्हा थांबले. चहा बशीत ओतला, फुंकला. "पण..." म्हणाले आणि बशी ओठाला लावली.

दादा, या शहरात 'पण'नंतर काय येते हे शेंबडे पोरही सांगेल. माझ्या मेंदूने पुढचे सगळे तयारच ठेवले होते: पण आम्हाला घर सांभाळणारी हवी, पण पत्रिका, पण उंची. (आपल्यात पत्रिका बघत नाहीत, हे मेंदूला नंतर आठवले.) मी म्हणालो, की अहो, पुढचे कळले आम्हाला, उगाच त्रास घेऊ नका, आमच्याकडे कुणाला अडवून ठेवायची पद्धत नाही, चपला दाराशीच आहेत. सोनबांनी बशी संपवली, नीट खाली ठेवली, "बरं. जय भीम," म्हणाले आणि उठले. हे वाक्य मात्र त्यांनी कुठेही न थांबता पुरे केले.

तेव्हापासून पूर्वा माझ्याशी बोलत नाही. रात्री जेवायलाही माझे झाल्यावर येते, आणि तिचे डोळे सुजलेले असतात ते मला दिसतात. तिची आई बोलते, पण मला अर्धीच वाक्ये देते. 'तुमच्यामुळे' म्हणते आणि स्वयंपाकघरात जाते. उरलेले मी पूर्ण करतो, आणि अंदाज एकदाही चुकलेला नाही. तिकडे अभयने वडिलांना खूप विचारले, की बाबा, तुम्ही काय सांगणार होता? सोनबा म्हणाले, "पाव्हण्यांना कळलंय. मी कशाला सांगू?" दादा, असे उत्तर सदाशिव पेठेतही कुणाला सुचले नसते. मनातून मी त्यांना नमस्कार केला.

असो. वहिनींना जय भीम, गुडघ्याला जपा.

आपला धाकटा भाऊ,
महिपती

ता. क. मुख्य काम राहिलेच. मध्यस्थ आपण आहात. सोनबांकडे जा, समोर बसा आणि त्या 'पण'च्या पुढे काय होते तेवढे ऐकून या. मध्ये बोलू नका. माझ्या वतीने माफी मागायला हरकत नाही, पण बेताची मागा. मला त्यांच्याशी सोयरीक करायची आहे.

दुसरा ता. क. चिकटवलेले पाकीट फाडून लिहितो आहे. आत्ताच पूर्वा आपणहून माझ्या खोलीत आली, अभयचा फोन आला होता म्हणाली. अभयने वडिलांना विचारणे सोडून दिले आणि काल जेवताना तो नुसता गप्प बसला, तेव्हा सोनबांनी वाक्य पुरे केले. ते असे होते: "पण पोरीला आमचा अभय पसंत हाय का, ते तिच्या तोंडून ऐकायचंय. मगच पुढचं बोलू." मी एवढे अंदाज बांधले, त्यात हे नव्हते. आमच्या घरात तिला हे कुणी विचारलेच नव्हते. मी तर नाहीच, कारण मला उत्तर ठाऊक होते ना! मग आत्ता विचारले. ती "बाबा, मला" म्हणाली आणि सवयीने थांबली, मी पुढचे बोलेन म्हणून. मी जीभ दाताखाली धरून बसलो. फार अवघड काम आहे, दादा. शेवटी तिनेच सांगितले, की पसंत आहे, आणि रडली. मीही रडलो (हे तिच्या आईला कळवू नये).

तेव्हा आपण सोनबांकडे जाऊ नका. रविवारी आम्हीच लोणीला येतो. त्यांच्यासमोर मला आपल्या शेजारी बसवा, आणि मी तोंड उघडले की लगेच त्यात काहीतरी खायला घाला.