परसातल्या चुलीवरचं इटालियन सूप

तळेगाव (श्यामजी पंत)
२४ नोव्हेंबर २०२४

चि. मोहिनीस मावशीचे अनेक आशीर्वाद, विशेष.

घरात दोन मोबाईल असताना मावशी पत्र काय लिहीत बसली, म्हणून हसशील. पण फोनवर मला धड ऐकू येत नाही, मग मी ओरडते, आणि मी ओरडले की पलीकडच्या खोलीत निजलेले तुझे मावसाजी सगळं ऐकतात. आज जे लिहायचं ते त्यांच्याबद्दलच आहे.

नागपूरहून पोटाचं ऑपरेशन करून आणलं ते तुला ठाऊकच आहे. टाके सुकले. डॉक्टर म्हणतात, पोट ठीक आहे, आता खाऊन ताकद आणा आणि हिंडाफिरायला लागा. फक्त तिखट आणि मसाला बंद. नेमकं तिथेच घोडं अडलं. मुगाचं पाणी दिलं, गुरगुट्या भात दिला, दोन घास झाले की ताट बाजूला. दर रविवारी परसातल्या चुलीवर स्वतः कोंबडीचा रस्सा करणारा हा माणूस. शेतात कोणाचीही पार्टी असो, तर्री बबनरावांच्याच हातची पाहिजे, असं गाव म्हणायचं. आता भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात.

संत्री तोडणीला आली आहेत. पियुषने विचारलं की बाबा, व्यापाऱ्याला काय सांगू, तर म्हणाले की आता तूच पाह्यजो. लग्न होऊन आले तेव्हापासून बागेबद्दल असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मोहिनी, खरं सांगते, मला भीती वाटते. आजार गेला, पण माणूसही त्याच्या मागे चालला आहे असं वाटतं.

तू पुण्याला त्या इटालियन हॉटेलात स्वयंपाक करतेस. बिनतिखटाची पण माणसाच्या तोंडाला चव येईल अशी कोंबडी तुमच्याकडे करतात का? असेल तर लवकर कळव. स्वतःची तब्येत सांभाळ, आणि हॉटेलात उभ्याउभ्या जेवत जाऊ नकोस.

तुझी,
आनंदामावशी


पुणे
१ डिसेंबर २०२४

ती. सौ. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र हॉटेलच्या मागच्या दारात उभी राहून वाचलं आणि डोळे भरून आले. आमच्या शेफना वाटलं, कांदा चिरून आले.

मावशी, इटलीतही थंडीत आजाऱ्याला कोंबडीचं सूपच देतात. तिखट नसतं, पण चव असते, कारण ते घाईनं करत नाहीत. असं करायचं. गावरान कोंबडी हाडांसकट घ्यायची आणि गार पाण्यात घालून मंद आचेवर ठेवायची. फेस येईल तो काढत राहायचा. मग कांदा, गाजर, टमाटे, ठेचलेला लसूण आणि एक तेजपान घालायचं. मांस हाडावरून आपोआप सुटायला लागलं की बाहेर काढून त्याचे बोटानं धागे करायचे आणि परत सोडायचे. शेवटी मूठभर मॅकरोनी आणि चिरलेला पालक. उतरवताना बेसिलची पानं घालतात. ती आपल्या तुळशीची बहीणच समज, तुळस घातली तरी चालेल.

हे सगळं पियुषकडून करवून घे. तू जन्मात कधी मांसमच्छीला हात लावला नाहीस, आता या वयात नको. दादाला म्हणावं, मोबाईल खिशात आणि नजर चुलीवरच्या गंजावर, सुपाच्या भांड्यावर.

मावसाजींना सांग, त्यांची तर्री खाऊनच मी स्वयंपाकी झाले. आशीर्वाद असू दे, आणि सूप कसं झालं ते लगेच कळव.

तुझी लाडकी,
मोहिनी


तळेगाव
१० डिसेंबर २०२४

चि. मोहिनीस अनेक आशीर्वाद, विशेष.

कोंबडीत तुळस! ते वाचून मी पत्र पालथं ठेवलं आणि वृंदावनाला हात जोडून आले. शिकलीस ते चांगलं केलंस, पण काही गोष्टी विसरू नकोस बाई.

आता हकीकत ऐक. पियुषनं गंज चुलीवर ठेवला आणि व्यापाऱ्याचा फोन आला म्हणून बागेत निघून गेला. परत आला तेव्हा पाणी आटून तळाला कोळसा झाला होता. वर मलाच विचारतो, आई, तू काऊन नाही पाह्यलं. मी कशी पाहणार? आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. मांस शिजतं ते परसात, टिनाच्या छपराखाली, वेगळ्या चुलीवर, आणि शिजवतात पुरुष. मी आयुष्यभर घरातून मसाला वाटून दिला, पण त्या चुलीपाशी कधी बसले नाही.

त्या रात्री ह्यांनी दूधही परत पाठवलं. सकाळी आंघोळ केली आणि मनाशी ठरवलं, खाणार नाही, पण करीन. देवाला काय सांगायचं ते मी सांगीन.

तर मोहिनी, तुझ्या मावशीनं कोंबडीचं सूप केलं! पहिला फेस काढताना देवाचं नाव घेत होते, पण वास असा सुटला की शेजारची माणसं कुंपणापाशी आली. अडचण एकच, मी चाखणार कशी? म्हणून ह्यांच्या दोस्ताला, बंडूजींना बोलावलं. ते वाटीभर प्यायले आणि तोंड वाकडं केलं. यात काही दमच नाई, वहिनी तिखट टाकायचं विसरल्या, असं त्यांचं म्हणणं. मी मॅकरोनी आणायला आत गेले तेवढ्यात त्यांनी चुलीपाशी ठेवलेलं तर्रीचं तिखट पळीभर गंजात ओतलं. का, तर वहिनीची फजिती होऊ नये म्हणून! सूप लालभडक झालं. मग बंडूजींनी भाकरी मागितली, पियुषनंही मागितली, आणि दोघांनी गंज चाटूनपुसून साफ केला. ह्यांच्या वाट्याला परत मुगाचं पाणी.

मी रागानं रडले, पण हरले नाही. मीठ न चाखता कसं कळतं आणि तुळशीऐवजी काय घालू, तेवढं ताबडतोब लिही. तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझी,
आनंदामावशी


पुणे
१५ डिसेंबर २०२४

ती. सौ. मावशीस सा. न. वि. वि.

मी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा आमचं अख्खं किचन तुझ्या नावानं टाळ्या वाजवत होतं. बंडूजींना पुढच्या वेळी घराबाहेर ठेव, हवं तर देवळात बसव.

तुळस राहू दे. तुझ्या अंगणात कुंडीत ओव्याचं झाड आहे ना, त्याची दोन पानं बारीक चिरून घाल. मिठाचं म्हणशील तर तू इतकी वर्षं वरण चाखून करतेस का? वरणाला जेवढं घालतेस तेवढंच घाल आणि हातावर भरवसा ठेव. तेवढा भरवसा तर मावसाजींनीही तुझ्यावर ठेवला आहे.

नाताळात आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते, पण जानेवारीत मी येतेच. तोवर माझा जीव तुझ्या चुलीपाशी आहे असं समज.

तुझीच,
मोहिनी


तळेगाव
२४ डिसेंबर २०२४

चि. मोहिनीस अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद!

जिंकलो!

रविवारी सूप केलं. थंडी अशी होती की चुलीपासून उठवत नव्हतं. बंडूजींना बागेत संत्री मोजायला पाठवलं होतं. सूप पिवळंधमक झालं, वर पालक हिरवागार, ओव्याच्या पानांचा वास. वाटी घेऊन ह्यांच्यापाशी गेले आणि उभी राहिले. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी माझी गत होती.

ह्यांनी एक चमचा घेतला, मग दुसरा, आणि थांबले. मला वाटलं, संपलं सगळं, आता वाटी परत येणार. तर म्हणतात, मीठ कमी हाये. मग म्हणतात, लसूण आधी टाकला का मागून? गाजर एवढं मोठं काऊन चिरलं? लाकूड कोणतं लावलं? मोहिनी, दोन महिन्यांत हा माणूस एवढं बोलला नव्हता! मी म्हटलं, मला काय माहीत, मी कुठे चाखलं आहे. तर पांघरूण बाजूला केलं, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि परसात चालू लागले. अगं, चालू लागले! चुलीपाशी पाटावर बसले, चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं, आणि तिथेच दोन वाट्या प्यायले. वर पियुषला हाक मारून विचारलं की व्यापारी भाव काय देतो. भाव ऐकून त्याच्यावर ओरडले सुद्धा. तो आवाज माझ्या बहिऱ्या कानांनाही ऐकू आला. मी पदरात तोंड घालून हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

मीठ मात्र माझं चुकलं, ते मान्य. बाकी सगळं मी केलं. ह्यांनाही तुला चार ओळी लिहायच्या आहेत. काय लिहितात ते मला दाखवत नाहीत, पाकीट स्वतः बंद करणार म्हणतात. ये लवकर, तुझी वाट पाहते.

तुझी विजयी,
आनंदामावशी


चि. मोहिनीले मावसाजीचा आशीर्वाद.

मी बरा हावो. काल बागेत जाऊन आलो. पियुषनं भाव पाडून ठेवला व्हता, तो नीट केला. तुया सुपात काई खराबी नाई, पण आपली तर्री ते तर्रीच. डॉक्टरनं हो म्हटलं का पयले तुले खाऊ घालतो.

आता एक गोष्ट सांगतो, तुया मावशीले सांगजो नको. मीठ बराबर व्हतं. सारंच बराबर व्हतं. मी दोन चमचे पेलो अन् घाबरलो. पयल्याच खेपेले हे बाई असं करून राह्यली, अन् मी चांगलं झालं म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून चूल तिची झाली असती. मंग मी कोन? म्हणून उठलो. उठाच लागलं, पोरी.

तुया,
बबनराव मावसाजी