उपरण्याखाली चार क्रेडिट

मुकुंदवाडी, सोमवार

तीर्थरूप पुंजाराम मामांस,

सांडूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडं सगळी बरी आहेत. तुमचा गुडघा, मामींचा दमा आन् त्या मारक्या एडक्याचं मोडलेलं शिंग कसं आहे ते कळवावं. (बानाच्या लग्नापासून तुम्ही फोन उचलत नाय, म्हणून बद्रीनाथ टेम्पोवाल्याच्या हाती हे पत्र.) माझी बहीण बाना तुमच्या घरची सून व्हायची ती मुकुंदवाडीला दिली, याचा राग आम्ही समजतो. तो तसाच ठेवून पुढचं वाचा.

बानानं तुमच्याकडं राहून कॉलेजची दोन वर्षं काढली. आता सासर इकडं, म्हणून तिसरं वर्ष इकडल्या विद्यापीठात. मला वाटलं, दाखला नेला की झालं. पण तसं नसतंय. पास झालेल्या दर विषयाचे क्रेडिट असतात, ते जुन्या विद्यापीठातून उचलून नव्यात घालायचे, आन् नवं विद्यापीठ एकेक पारखून आत घेतंय, बाजारात जनावर घेतल्यासारखं. (मी चौथीतून निघालो. बोरवेलच्या गाडीवर पार आंध्रात फिरलो, पण मला आजवर कुणी क्रेडिट मागितले नाय.) इतिहास आत गेला, मराठी गेली, इंग्रजीसुद्धा गेली. गाडी अडली ती मेंढीपालनात! चार क्रेडिट. तो विषय इकडं शिकवतच नाहीत, म्हणून धरता येत नाय, आन् ते चार कमी पडले तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाय. आपण पिढ्यान् पिढ्यांचे मेंढरंवाले, आन् आपली पोरगी मेंढरातच अडकली. तिच्या सासूबाई, आक्काबाई, तेवढ्यावर टपूनच होत्या: "परत पहिल्यापासून शिकणार व्हय? त्यापरीस घरच्या शेळ्या वळ."

तुमच्या दाजींना, आमच्या आबांना, बरोबर नेलं ही माझी चूक. खिडकीतला कारकून बिचारा म्हणाला, बघू, काय जमतंय. हे ऐकलं आन् आबांना वैजापूरचा मेंढरांचा बाजार आठवला, उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा. त्यांनी खिडकीतून हात घातला, कारकुनाचा पंजा धरला, वर उपरणं टाकलं आन् आतून त्याची चार बोटं दाबली. कारकून ओरडला, "अहो काका, हे काय करताय!" आबा म्हणाले, "भाव तोंडानं बोलायचा नसतो. दाब." रांगेतली पोरं मोबाइल काढून उभी. आता आबांच्या हिशेबानं जो आधी हात सोडवून घेतो त्यानं भाव कबूल केला. कारकुनानं हिसका मारून सोडवला, तसे आबा "चार झाले!" म्हणून गरजले आन् पिशवीतला भंडारा कारकुनावर, संगणकावर आन् बानाच्या गुणपत्रिकेवर उधळला. मग शिपाई आले.

आरडाओरडा ऐकून आतल्या मॅडमनी आम्हाला बोलावलं. पिवळी झालेली गुणपत्रिका झटकत त्यांनी बानाला विचारलं, मेंढीपालनाचं प्रात्यक्षिक कुणाकडं केलंस? तिनं तुमचं नाव सांगितलं. मॅडम म्हणाल्या, त्यांनी फोनवर खात्री दिली तर हे चार धरू.

बाकी ठीक. एडक्यापासून गुडघा जपा.

आपला भाचा,
सांडू

ता. क. गुरुवारी अनोळखी नंबरवरून फोन येईल. तुमचा राग आमच्यावर आहे, मॅडमवर नाय. तेवढा उचला.

ता. ता. क. खोटं बोलायला लावतोय असं समजू नका. दोन वर्षं तुमची मेंढरं बानानंच राखली, कातरली, त्यांना औषध पाजलं, आन् तुम्ही लिंबाखाली घोरत होता, हे तिनं आजच सांगितलं. (आता ती तुम्हालाच राखावी लागतात, खरा राग त्याचाच, असं आबांचं मत.) खोटं एवढंच बोलायचं, की तुम्ही शिकवलं.