उभं राहिलेलं स्टूल

मांपोंग, ९ नोव्हेंबर

प्रिय अमोआको,

आज आईला जाऊन वर्ष झालं. सकाळी चर्चला गेले. घरी येऊन वर्षभराचं सुतकाचं काळं कापड सोडलं, पांढरं नेसले. दुफिये मावशीने लाल तेलात कंद कालवला होता, अंडी उकडली होती. शेजारची माणसं आली, जेवली, तीनपर्यंत गेली. तू येशील असं मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे कुणी विचारलंही नाही.

गेल्या महिन्यात मावशीला घेऊन मी अक्राला तुझं प्रदर्शन पाहून आले. तू त्या दिवशी तिथे नव्हतास. मला चित्रांतलं कळत नाही, मी मुलांना गणित शिकवते. पण ते मोठं चित्र आपल्या आईचं आहे एवढं कळलं. तिचे पाय अगदी तसेच आलेत. तिच्या आजारपणात पाच महिने मी ते रोज चोळत होते. खाली नाव होतं ‘एकटी’. खोलीत आई आणि तिच्या खाटेशी एक रिकामं स्टूल, बाकी कुणी नाही. तिथला माणूस पाहुण्यांना सांगत होता की ही बाई मरणाकडे पाहते आहे. मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “मरण कसलं डोंबलाचं! अगं फ्रेमा, स्टूल उभंच ठेवलंय बघ. उठताना आडवं करायचं हेसुद्धा विसरला वाटतं हा. आता वाटेवरचं भूत येऊन बसलं म्हणजे?” लोक हसले. मी हसले नाही.

तू विसरला नव्हतास. तू जे दिसलं तेच काढलंस. त्या पाच महिन्यांत तू दोन दिवस आलास, दारात बसून आईला रेखाटत होतास. मी खाटेशी स्टुलावर बसून तिला मक्याची पेज भरवत होते. तू म्हणालास, “ताई, जरा सरक ना, उजेड अडतोय.” मी उठले, परसात जाऊन तिच्या चादरी धुतल्या. लगेच परतायचं होतं म्हणून स्टूल आडवं केलं नाही. आत आले तेव्हा आई मला म्हणाली, “कुठे गेली होतीस गं? केव्हाची बघतेय.” तू तेव्हा पेन्सिलीला टोक करत होतास. तुला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. चित्रात तिची नजर त्या स्टुलावरच आहे. ती मरणाकडे पाहत नव्हती, अमोआको.

हे मी कधी लिहिलं नसतं. पण गुरुवारी तुझं पत्र आलं. कशी आहेस हे एका ओळीत, आणि मग, प्रदर्शन परदेशी जाणार आहे, चित्रासमोर ठेवायला आईचं स्टूल पाठव, नीट गुंडाळून पाठव. आईचं स्टूल कोपऱ्यात आडवं आहे, ती गेली त्या दिवसापासून, आणि त्याची बैठक मधोमध चिरलेली आहे. तू काढलंस ते माझं. मी वयात आले तेव्हा आईनेच दिलेलं. एकाच घरात वाढून तुला ते माहीत नाही. दोन्हींपैकी एकही मी पाठवणार नाही.

पत्र त्याच स्टुलावर बसून लिहिलं. आता उठते, ते आडवं करते, आणि दुपारची भांडी घासायला घेते.

तुझी ताई,
फ्रेमा