बरी झाल्याचे चारचौघांत सांगण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य समन्वयक,
कुष्ठरोग उपचारोत्तर संशोधन नोंदणी (अकरा रुग्णालये),
पुणे कचेरी.

विषय : अर्जदार बरी झाली आहे, हे सांगायला माणूस पाठवणेबाबत.
संदर्भ : आपले "नोंद ओळखता येत नाही" हे उत्तर.

महोदय,

१. अर्जदार ही बेंगळुरूच्या बसवनगुडीत राहते आणि इथल्या मराठी मंडळींच्या लग्नामुंजीचा स्वयंपाक करते. पूर्वी तिला कुष्ठरोग झाला होता. औषधे पूर्ण घेऊन ती बरी झाली, हे घरच्यांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. नाव कुठेही येणार नाही, असा शब्द आपल्या माणसांनी दिला, म्हणून तिने संशोधनाला माहिती दिली. दुसऱ्या कोणाचे भले झाले तर झाले, एवढाच हेतू.

२. नाव आले नाही, हे अर्जदार कबूल करते. पुढच्या चौकशीला आपण श्री. मंजुनाथ यांना पाठवलेत. त्यांनाही नाव सांगायचे नाही, असा आपला नियम. सबब नोंदीतले वर्णन तेवढे घेऊन, छातीवर कुष्ठरोग नोंदणीचा बिल्ला लावून तो भला माणूस "मराठी बोलणारी, साठीची, पुरणपोळ्या करणारी बाई कुठे राहते?" असे दुकानोदुकानी विचारत फिरला. लोकांनी हौसेने त्याला थेट एका मुंजीच्या स्वयंपाकघरात आणून सोडले. अर्जदाराची पोळी तेव्हा पोळपाटावर अर्धी लाटून झाली होती.

त्या पंगतीत पोळ्यांना कोणी हात लावला नाही. इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस गुंडूराव अण्णा म्हणाले, "अक्का, स्वल्प दिवस विश्रांती घ्या." तेव्हापासून तिला कामाला कोणी बोलावत नाही, हळदीकुंकवालाही नाही. ज्या हातांची एवढी वाहवा झाली, ते पदराखाली झाकून ती बाजारात जाते. फार लाज वाटते हो, महोदय. आणि रागही येतो.

३. बरी झाल्याचा दाखला मागावा, तर रुग्णालय म्हणते, कागद नोंदणीकडे गेले. आपण म्हणता, नावे पुसल्यामुळे कोणती नोंद कोणाची हे आम्हालाही कळत नाही. तक्रार केली, तर उत्तर आले की आमच्या माणसाने नाव उच्चारलेच नाही. खरे आहे. ते बसवनगुडीने उच्चारले.

४. तरी विनंती की, आपल्याला न सापडणारी बाई मंजुनाथांना एका सकाळीत सापडली होती; त्यांनाच विचारावे. पुढच्या महिन्यात इथे जवळच बनशंकरीला मंडळाचे जेवण आहे. तोच बिल्ला लावून त्यांना तिथे पाठवावे आणि पंगत बसलेली असताना, मोठ्याने, नाव घेऊन सांगायला लावावे की सुनंदाबाई बरी झालेली आहे, तिच्या हातचे खा.

कोणीच नाही खाल्ले, तर मंजुनाथांनी तरी एक पोळी खावी.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
सुनंदाबाई गिरीधरराव
बसवनगुडी, बेंगळुरू
दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत : काही नाही. कागद सगळे आपल्याकडेच आहेत.